दीड मिलिमीटरची चूक

वाईहून कुरुळीला जाऊन आलो, याला कुणी प्रवास म्हणणार नाही. लोक काश्मीरला जातात, नर्मदेच्या काठाने चालतात आणि मग लिहितात. मी गेलो चाकणच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तिथून पुनावळ्याच्या एका पार्किंगमध्ये आणि तिथून परत शेडमध्ये. पण पसरणीच्या घाटात एकदा माझे ब्रेक गेले होते, तेव्हासुद्धा जीव इतका टांगणीला लागला नव्हता. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी गाडीचं सांगायला हवं. पाचगणीच्या एका डॉक्टरांची इंग्लिश बनावटीची काळी मोटार होती आणि माझे वडील तिचे ड्रायव्हर. डॉक्टर गेले, वडील गेले, गाडी मात्र माझ्या वाईच्या गॅरेजात राहिली. मालकी डॉक्टरांच्या मुलीची, शालिनीताईंची. ताई आता एक्क्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांना फारसं दिसत नाही. जानेवारीअखेर मुलाकडे नागपूरला कायमच्या जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "अशोक, जायच्या आधी एकदा तिच्यातून टेबललँडपर्यंत फिरवून आण." पुढे एकच प्रश्न विचारला. रंग, सीट, हॉर्न, कशाचंच काही नाही.

"हीटर तोच आहे ना रे?"

लहानपणी त्या डॉक्टरांबरोबर थंडीतल्या व्हिजिटला जात. पुढच्या सीटवर बसून पाय हीटरपाशी धरत. मी म्हणालो, "तोच आहे ताई." आणि तो तोच होता. फक्त त्यातून पाणी गळत होतं. म्हणून महिन्यापूर्वी मी तो कुरुळीला दुरुस्तीला दिला. जुना पत्रा पुढेमागे दगा देईल म्हणून त्याबरहुकूम एक नवा करायलाही सांगितलं. नक्कल करायचीच आहे तर अजून एक करा, म्हणून पुनावळ्याचा एक आयटीवाला मुलगा मध्ये आला. त्याच्याकडे हीच गाडी आहे. म्हणजे एक मूळ आणि दोन नकला.

गुरुवारी सकाळी शेडचे मालक नामदेवतात्या यांचा फोन आला. "अशोकराव, तिन्ही येकदम झकास झाल्यात. फकस्त तुमचा त्यो जुना कंचा, तेवडं तुमी येऊन वळखा."

शनिवारी ताईंना फिरवायचं होतं. मी चहा तसाच ठेवून पिकअप बाहेर काढली.

कुरुळी, गुरुवार सकाळ

कुरुळीत रस्त्याच्या एका बाजूला अजून कांद्याचं वावर आहे आणि दुसऱ्या बाजूला कंपन्यांची भिंत. वावराच्या बांधावर रंगीत हेल्मेटं घातलेली पोरं-पोरी उभी राहून कंपनीच्या बसची वाट बघतात. आमच्याकडे माणसाला ओळखतात ते घराण्यावरून, इथे गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून. कायमचा कोण, ठेक्यावरचा कोण, हे चहाच्या टपरीवाल्यालाही दुरून कळतं.

तात्या इथले मूळचे. जमीन गेली, तिच्या उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड टाकलं, लेथ घेतलं, वेल्डिंग घेतलं. मशिनचं ज्ञान बेताचं, पण उत्साह दांडगा. त्यांनी टेबलावरचं फडकं असं ओढलं की जणू नवरीचा अंतरपाट.

टेबलावर दोनच हीटर होते.

"तिसरा?"

"त्यो निखिल काल संध्याकाळी घिऊन गेला की. पुनावळ्याचा. त्येला लई घाई."

"आणि मूळ कुठला हे न कळताच दिलात?"

"चिठ्ठी व्हती वो तारंनं बांधलेली. तुमच्याच अक्षरातली. रंगवाल्यानं काढून टाकली. त्येला वाटलं कचरा हाय." मग थोडं दमाने म्हणाले, "पर रंग काय बसलाय बगा!"

रंग खरंच सुंदर बसला होता. तोच तर घोळ होता. मूळ कुठला आणि नक्कल कुठली, हे तीस वर्षांत मी शेकडो वेळा सांगितलं आहे. जुन्या इंग्लिश वस्तूला इंची आटे असतात, आपले आजचे पाने तिला नीट बसत नाहीत. आत दाबलेल्या लोकरीचा नमदा असतो, फोम नसतो. वायरवर सुती वेष्टण असतं. काळं बटण तळव्यावर जोरात घासलं की जुन्या बॅकेलाइटचा एक उग्र वास येतो, प्लॅस्टिकचा येत नाही. पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांच्या कडा हात लागून लागून बोथट होतात. हे सगळं मी त्या दोन हीटरांवर करून पाहिलं आणि माझा घाम वाढत गेला. आटे दोन्हीचे नवे. नमदा दोन्हीकडे नवा. वायरी नव्या, बटणंही एकाच पेटीतली. आकडे रंगाखाली सारखेच दबलेले. वजन हातात घेतलं तर फरक कळेना, टिचकी मारली तर आवाजही सारखा.

"हे सगळं कुणी बदललं?"

"सुदामनं. लई सफाईदार मानूस. जुनं काय ठेवलंच न्हाई त्यानं, सगळं झ्याक करून दिलं."

सुदाम हा तात्यांच्या शेडमधला खरा कारागीर. लातूरकडचा. पंधरा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये आहे, शिफ्ट सुटली की संध्याकाळी इथे येतो. त्याला फोन लावला तर बंद. फर्स्ट शिफ्ट, आणि त्यांच्या खात्यात मोबाइल गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेतीनपर्यंत देव जरी आला तरी सुदामशी बोलता येणार नाही, असं तात्यांनी सांगितलं.

मग मला ते भोक आठवलं.

आमच्या हीटरला समोर दोन छोटी दारं आहेत, गरम हवा पायाकडे सोडायला. त्यातल्या डाव्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटकडच्या, दाराच्या बिजागरीचं भोक मुळातच मध्यभागी नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वी तिकडच्या कुणा कामगाराची ड्रिल सरकली असणार. त्यामुळे ते दार कधीच पूर्ण मिटायचं नाही, काडीएवढी फट राहायची. वडील त्याला शिव्या द्यायचे. मीही दरवर्षी ठरवायचो की एकदा नीट करू. नक्कल करणारा काहीही चोरेल, पण ही चूक कशाला चोरेल? सुदामसारखा माणूस तर नाहीच.

मी दोन्ही डावी दारं मिटून पाहिली. दोन्ही टक्कन बसली. भोकं बरोबर मधोमध होती.

म्हणजे टेबलावरच्या दोन्ही नकला. आमचा हीटर पुनावळ्याला गेला होता.

निखिलला फोन केला. त्याने कापला आणि मागोमाग इंग्रजीत निरोप धाडला की मीटिंगमध्ये आहे. मी लिहिलं, हीटरला हात लावू नका. बराच वेळ त्यावर काही आलं नाही. तात्या तेवढ्यात सहज म्हणाले, "त्यो म्हनत व्हता, नव्या पद्धतीचा फॅन बशिवनार हाय आत. इलेक्ट्रिशियन दुपारला येनार, भोकं पाडाया."

घरातून तात्यांच्या बायकोने, काकूंनी, मासवडीचं ताट पाठवलं होतं. खेड-जुन्नरकडची मासवडी मी आयुष्यात दोनदा खाल्ली आहे आणि दोन्ही वेळा बोटं चाटली आहेत. त्या दिवशी समोर तर्रीचा रस्सा वाफाळत होता आणि माझ्या घशाखाली एक वडी उतरेना. काकू दारात येऊन म्हणाल्या, "आवडली न्हाई का वो?" मी काय सांगणार? दोन वड्या कागदात बांधून घेतल्या आणि निघालो. टेबलावरचे दोन्ही हीटरही पिकअपमध्ये टाकले. आता कुणावरच विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती.

पुनावळे, गुरुवार दुपार

मोशी, स्पाइन रोड, रावेत इथवर ठीक गेलो. पुनावळ्याच्या भुयारी रस्त्याला वळायचं ते चुकलं आणि थेट भूमकर चौकात जाऊन अडकलो. तिथे हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅबगाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. शेजारच्या गाडीतला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन शांतपणे काम करत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र, की एक माणूस ड्रिल घेऊन वाकलाय. आम्ही वाईकर गर्दीत अडकलो तर हॉर्न तरी वाजवतो. इथे तोही कुणी वाजवत नव्हतं. पंचवीस मिनिटं मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत, आपल्यालाच शिव्या देत बसलो.

निखिलची सोसायटी म्हणजे बारा-बारा मजल्यांच्या आठ इमारती. खाली अजून एका जुन्या घराचं अंगण आणि त्यात बांधलेली म्हैस तशीच आहे. गेटवर वॉचमनने माझं नाव विचारलं, नंबर घेतला, फोटो काढला आणि म्हणाला, "साहेबांनी फोनवर ओके केलं की सोडतो."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"मग थांबावं लागंल, भाऊ."

मी एरवी भांडलो असतो. त्या दिवशी माझा आवाजच चढेना. मी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, दिसत नाही, शनिवारी फिरवायचंय, आणि तिचा हीटर तुमच्या पार्किंगमध्ये कुणीतरी भोकसतंय. वॉचमन जालन्याचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि म्हणाला, "चला, मीच येतो संगट."

तळघरातल्या पार्किंगमध्ये ड्रिलचा आवाज घुमत होता. मी धावलो. या वयात, या पोटाने, मी खरोखर धावलो. एका कापडी आवरणातून अर्धी बाहेर आलेली तशीच काळी गाडी, शेजारी स्टूलवर हीटर, आणि ड्रिल लाकडाच्या फळीवर चालवून बघणारा इलेक्ट्रिशियन.

"थांबा!"

तो दचकला. हीटरच्या मागच्या अंगाला त्याने मार्करने चार फुल्या मारल्या होत्या. एका फुलीवर ड्रिल टेकवायला पंचचा खड्डाही मारून झाला होता. भोक अजून एकही पाडलं नव्हतं.

मी स्टुलाशी गुडघ्यावर बसलो आणि डावं दार मिटलं. ते टक्कन बसलं.

मी उघडून परत मिटलं. पुन्हा तसंच टक्कन. भोक अगदी मधोमध.

तीन हीटर आणि तिन्ही निर्दोष. म्हणजे नकला दोन नव्हे, तीन झाल्या होत्या आणि आमचा हीटर यांत नव्हताच. रंगवाल्याकडे राहिला की भंगारात गेला? मी ताईंना काय तोंड दाखवणार होतो? मनात एक घाणेरडा विचारही येऊन गेला, तो लिहायला हवा: त्यांना कुठे दिसतंय? यातला कुठलाही बसवला तरी काय कळणार आहे? मला माझीच लाज वाटली.

निखिल तेवढ्यात मीटिंग सोडून फोनवर बोलला. भला मुलगा. म्हणाला, "काका, सॉरी, मला काहीच आयडिया नव्हती. तुम्हाला हवा तो घेऊन जा, मी दुसरा फिट करीन." हवा तो घ्यायला तो ओळखायला तर हवा! मी, वॉचमन आणि इलेक्ट्रिशियन त्या तळघरात तीन हीटर मांडून बसलो. मासवडीचा कागद उघडला. तिघांनी एकेक घास खाल्ला आणि साडेतीनची वाट बघितली.

तीन पस्तीसला सुदामचा फोन लागला.

"सुदाम, डाव्या दाराचं भोक!"

"हां, अशोकभाऊ, ते आठवतंय की. दीड एमएम ऑफ होतं. डावीकडं."

"मग ते कुठे गेलं?"

"मी भरून घेतलो की," तो सहज म्हणाला. "ब्रेझिंगनं भरलो, घासलो, आन् सेंटरला परत ड्रिल मारलो. तसंच कसं पाठवायचं हो? ते तर रिजेक्ट माल आसतंय. दार बी बसत नव्हतं."

मी फोन कानाला धरूनच स्टुलावरच्या हीटरचं दार पुन्हा उघडलं, मिटलं.

"अशोकभाऊ? काही चुकलं का?"

"ते भरलेलं आता कुठून दिसेल?"

"भाईरून नाही दिसायचं. आतून बघा. आत रंगाचा फवारा पोचत नसतोय."

इलेक्ट्रिशियनने मोबाइलचा टॉर्च धरला, वॉचमनने खिशातला छोटा आरसा काढला. पहिला हीटर आतून कोरा. दुसराही कोरा. तिसऱ्याच्या, म्हणजे स्टुलावरच्या, पंचचा खड्डा पडलेल्या हीटरच्या आतल्या अंगाला, बिजागरीच्या भोकाला चिकटून नखाएवढी पिवळी कोर चमकली. पितळेचा टाका, सुदामचं ब्रेझिंग. सुदामने मूळची खूण पुसायला केलेली दुरुस्ती हीच आता मूळची एकमेव खूण होती.

मी तो उचलून छातीशी धरला. वॉचमन हसला, पण मला काही वाटलं नाही.

पाचगणी, शनिवार

धुकं उतरलं होतं. ताईंनी लोकरीचा कोट घातला होता आणि गुडघ्यांवर शाल. मी त्यांना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. इंजिन तापू दिलं, मग हीटर चालू केला. गरम हवेचा तो जुना, किंचित धुळकट वास गाडीभर पसरला. मी मनातल्या मनात सुदामला माफ केलं. समोरच्या काचेवर वाफ धरली होती, म्हणून गरम हवा तिकडे वळवायला मी हीटरची दारं मिटली आणि गाडी काढली.

ताईंनी पाय थोडे पुढे सरकवले, मागे घेतले, परत पुढे सरकवले.

"अशोक," त्या हळूच म्हणाल्या, "हा तो नाही."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "ताई, आईची शपथ, तोच आहे."

"असेल बाबा. तू कशाला खोटं बोलशील?" त्यांनी शाल नीट केली. "पण दार मिटलेलं असलं तरी माझ्या उजव्या पायाला ऊब लागायची. बारीकशी. माझे अप्पा म्हणायचे, हीटर बंद ठेवू, आधी इंजिन तापू दे. ते दारं मिटून टाकायचे, आणि मला तरी ऊब लागायचीच. मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते माझं गुपित होतं."

ती काडीएवढी फट. वडिलांनी शिव्या घातलेली, मी दरवर्षी बुजवायची ठरवलेली, सुदामने अखेर बुजवलेली. ती फट कुणीतरी सत्तर वर्षं मनात जपली होती, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून सगळी हकिगत सांगितली. ताई हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी होतं, त्यांच्यासाठी नव्हतं.

"परत बिघडवता येईल का रे?" त्यांनी विचारलं.

कुरुळी, सोमवार

ताई जायला सहा दिवस होते. सोमवारी संध्याकाळी, शिफ्ट सुटल्या सुटल्या, मी हीटर सुदामसमोर ठेवला आणि काय हवंय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे चांगल्या भोकाचं खराब करायचं?"

"हो."

"जाणूनबुजून?"

"हो रे बाबा."

त्याने कपाळावर हात मारला नाही, तो हसलाही नाही. पंधरा वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, त्याला हे कुणी शिव्या दिल्यासारखं लागलं होतं. भोक भरून झालं. ड्रिलचं टोक त्याने पत्र्यावर टेकवलं आणि थांबला. परत टेकवलं. मी वाकून पाहिलं तर दोन्ही वेळा टोक बरोबर मध्यावर होतं.

"हातच जात नाही हो तिकडं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरी भीती होती. एकदाच संधी होती. जुन्या पत्र्याने तिसऱ्यांदा टाका सोसला नसता.

तात्या मागून म्हणाले, "आरं, मार की अंदाजानं! चूकच तर करायचीय."

"अंदाजानं चूक करत नसतो मी," सुदाम म्हणाला. त्याने ड्रिल बंद केली, हात धुतले आणि पिशवीतून वही काढली. हीटर पहिल्यांदा हातात आला तेव्हा घेतलेली सगळी मापं तिच्यात होती, त्या सरकलेल्या भोकासकट. त्यावरून त्याने नवं ड्रॉइंग काढलं. मध्यरेषा काढली, तिच्यापासून दीड मिलिमीटर डावीकडे दुसरी रेष. मग खाली पट्टीने चौकट आखली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"डेव्हिएशन. ड्रॉइंगच्या भाईरचं काम करायचं आसलं की पार्टीची सही लागती. कंपनीत आसंच आसतंय. सही नसली तर जबाबदारी माझी. आन् कारण लिहा. कारणाशिवाय मंजूर होत नाही."

मी सही केली. कारणाच्या रकान्यापाशी थोडा थांबलो आणि लिहिलं, 'ताईंच्या उजव्या पायाला ऊब लागत नाही.'

सुदामने कागद उचलला, वाचला. दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढून त्याखाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, कागद ड्रिलशेजारी चिकटवला आणि हात जराही न हलवता चुकीच्या जागी भोक पाडलं.

बुधवारी सकाळी ताईंना घेऊन निघालो. दारं मिटलेली होती. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, पाय पुढे केला आणि टेबललँड येईपर्यंत तो तिथेच ठेवला. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं. वरच्या वळणावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अशोक, काच जरा खाली कर. गरम होतंय."